तीनशे जीबीची तूट

आमच्या कम्प्युटरमधली तीनशे जीबी जागा कुठे गेली, हे घरात दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि माझ्या सुनेला. ती शोधायला निघाले होते आमचे हे. आणि ह्यांनी उभी हयात दुसऱ्यांची तूट पकडण्यात घालवलेली. मी धास्तावले ती उगाच नाही.

हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. खात्यातले शिपाई त्यांना साहेब म्हणायचे, मग बाजार म्हणायला लागला, मग शेजारी. ह्यांची सायकल बाजाराच्या तोंडाशी दिसली की दुकानादुकानांतून काटे पुसले जायचे. पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनाचं बूड कोरून हलकं करणारे, कापड मोजताना पट्टी सरकवणारे, सगळे कधी ना कधी ह्यांच्या हाती सापडले. पण खरा राग अंगठेवाल्यांवर. गिऱ्हाइकाशी गोड बोलत बोलत पारड्याच्या कडेला हळूच अंगठा टेकवायचा आणि कमी माल वजनात बसवायचा. हे म्हणायचे, नख बघायचं. दाबलेल्या अंगठ्याचं नख पांढरं पडतं, माणूस कितीही खोटं बोलला तरी नखाला ते जमत नाही. नवरा म्हणून त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही. मी नवी नवरी, मला वाटलं होतं दुसरं काहीतरी बोलतील.

निवृत्त झाले तेव्हा खात्याने मोडीत काढलेला एक तराजू आणि वजनांची लाकडी पेटी हे घरी घेऊन आले. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत सगळी वजनं आपापल्या खाचेत बसलेली. मोठी लोखंडी, वर कडी असलेली. लहान पितळी. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, हाताच्या घामाने वजन बदलतं म्हणे. पेटीतच पांढरे सुती हातमोजे आणि छोट्यांसाठी चिमटा. पाच किलोला घामाने असा काय फरक पडणार, असं मी एकदा विचारलं, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

बाजार सुटला तसं ह्यांनी आम्हाला धरलं. साबणाची वडी वेष्टनावर लिहिलंय तेवढी भरते का, पाव कालच्यापेक्षा हलका का, सगळं तराजूवर चढायचं. माझ्या स्वेटरच्या बाह्या टेपने मोजून डावी अर्धा इंच मोठी आहे असं त्यांनी जाहीर केलं, तेही पाहुण्यांसमोर. मी भिंतीसाठी एक चित्र रंगवलं, तर म्हणाले घराच्या मानाने छप्पर जड झालंय. खोटं काहीच नव्हतं त्यात, तोच तर वैताग. इतरांच्या घरी लोक एकमेकांची मापं काढतात ती भांडणात. आमच्याकडे ती चहाबरोबर निघायची. विणायच्या सुया मी शेजारणीला देऊन टाकल्या. रंग डबीतच वाळून गेले.

मग सून आली. मुलगा मालवाहू बोटीवर असतो, वर्षातला बराचसा काळ पाण्यात, म्हणून ती आमच्यापाशी. शाळांसाठी छोट्या शिकवणीच्या फिल्म बनवणाऱ्या एका ऑफिसात ती काम करते. एका दुपारी हे वाचनालयात पेपर वाचायला गेले होते आणि आम्ही दोघींनी धूळ पुसायला म्हणून पेटी उघडली. मी पाच किलोचं वजन टेबलावर ठेवलं, तर ती म्हणाली, हे बाबा. आणि दिसतही होते तसेच. बुटके, रुंद, मान नाही. तिने मोबाइलवर फोटो काढला. मी वजन बोटभर पुढे सरकवलं, तिने आणखी एक काढला. असं करत करत आम्ही टेबल ओलांडलं. मग तिने ते फोटो एकामागून एक झरझर दाखवले आणि वजन चालायला लागलं. पाठीमागे हात बांधून बाजारात शिरल्यासारखं, डुलत डुलत. मी हसून हसून खाली बसले.

त्यानंतर मला वेडच लागलं, दुसरा शब्द नाही. एक सेकंद चालायला बारा फोटो लागतात. हे वाचनालयात गेले की मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवायचे, हातमोजे चढवायचे आणि कामाला लागायचे. पाच किलो म्हणजे साहेब. एक किलो मुलगा, तो नेहमी साबणाच्या बशीत, कारण ती त्याची बोट. दोनशे ग्रॅम सून. आणि पेटीतली सगळ्यात लहान, पन्नास ग्रॅमची पितळी, ती मी. साखरेचे ढीग म्हणजे दुकानं, काड्यापेट्यांची घरं. साहेब सगळीकडे फिरायचे, प्रत्येकाला तराजूच्या एका पारड्यात बसवायचे, दुसऱ्यात स्वतः बसायचे, आणि कोणीच त्यांच्याइतकं भरायचं नाही. मग मी कागदाच्या चिठ्ठीवर 'तूट' असं लिहून त्यांच्यासमोर धरायचे. एक फिल्म झाली, दुसरी झाली, फोटोंचे ढिगारे साचले.

ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न सुनेने सोडवला. घरात कम्प्युटर एकच, बैठकीच्या खोलीत, आणि त्याच्यावर मालकी ह्यांची. सुनेने मला समजावलं की एका मोठ्या खोलीत फळ्या ठोकून दोन-तीन खोल्या करतात, तसं डिस्कचं पार्टिशन करता येतं. सी कम्प्युटरची स्वतःची, डी बाबांची आणि तिसरी माझी. माझ्या खोलीला तिने अक्षरच दिलं नाही. अक्षर नाही म्हणजे दार नाही, म्हणजे बाहेरून ती दिसतच नाही. काम करायचं तेव्हा एक अक्षर लावायचं, झालं की काढून टाकायचं. कुठे उजवी टिचकी मारायची, कुठे डावी, हे तिने माझ्याकडून घोटून घेतलं. वर नाव दिलं रिकव्हरी. म्हणाली, असं नाव दिसलं की लोक हात लावत नाहीत, त्यांना वाटतं कंपनीचंच काहीतरी आतलं आहे.

सुनेला लपवाछपवी आवडत नव्हती. बाबांना दाखवा, हसतील, असं ती सारखी म्हणायची. मी ऐकलं नाही. एक तर त्यात साहेब होते, आणि साहेबांना साहेब बघून काय वाटेल ते सांगायला नको. पण खरं कारण वेगळं होतं. कोणी फूटपट्टी लावलेली नाही असं माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. ह्यांनी ते बघून, अमुक ठिकाणी अर्धा इंच कमी आहे, एवढं जरी म्हटलं असतं तरी तेही सुयांच्या आणि रंगांच्या वाटेने गेलं असतं. मला मी ओळखते.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर ह्यांची डी भरली. हे जुन्या काट्यांचे व्हिडिओ जमवतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांना तक्रारी लिहितात, त्यांच्या प्रती ठेवतात. कम्प्युटरने एक दिवस जागा संपत आल्याची पाटी दाखवली. दुसरा कोणी असता तर त्याने चार व्हिडिओ पुसले असते. ह्यांनी माळ्यावरून कम्प्युटरचं खोकं काढलं. खोक्यावर एक टीबी लिहिलेलं. हे कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्या क्षणी मला कळलं की आता काही खरं नाही.

पहिला संशय दुकानदारावर गेला. एक टीबी म्हणजे हजार जीबी, आणि पडद्यावर कुठेतरी एकूण नऊशे एकतीसच दिसत होते. खोकं बगलेत मारून हे दुकानात गेले. कम्प्युटरवाल्याने म्हणे हात जोडून सांगितलं की यात त्याचा दोष नाही, डिस्क बनवणारी कंपनी हजाराने मोजते आणि कम्प्युटर एक हजार चोवीसने. जागा तेवढीच, मापं दोन. ह्यांना हे पटलं, पण सहन झालं नाही. एका बाजारात दोन किलो चालतात आणि सरकार झोपलंय, असं दिवसभर घरात बडबडत होते. मला वाटलं, वादळ दुकानाकडे वळलं, आपण सुटलो.

कसली सुटते. संध्याकाळी पुन्हा बेरीज मांडली. सी दोनशे, डी चारशे एकतीस, मिळून सहाशे एकतीस. दोन मापांचा घोळ धरूनही बरोबर तीनशेची तूट. हे आकड्याखाली दोन रेघा ओढून म्हणाले, "तूट अशी गोल आकड्यात येत नाही. गळती असेल तर वेडीवाकडी येते. गोल आकडा आला की समजायचं, माणसाचा हात आहे."

आणि त्याच आठवड्यात त्यांना अर्ध्या किलोच्या बुडाला साखरेचा दाणा सापडला.

भिंग लावून सापडला, नुसत्या डोळ्यांनी नाही. ह्यांनी तो दाणा कागदाच्या पुडीत बांधला, पुडीवर तारीख टाकली आणि खिशात ठेवली. ह्यांच्या आरडाओरड्याचं मला काही वाटत नाही. हे गप्प झाले की भीती वाटते. त्या दिवसापासून घरात पाळत सुरू झाली. वाचनालयात जातो म्हणून निघायचे आणि चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत यायचे. एकदा तर मी साहेबांना टेबलाच्या मधोमध उभं केलं असताना किल्ली फिरली. घाईघाईने मी त्यांना धुण्याच्या बादलीत टाकलं आणि वर चादर कोंबली. ह्यांनी बादली उचलून बाजूला ठेवायला घेतली, क्षणभर थांबले, हाताने तोलली. आणि तशीच खाली ठेवली. पाच किलो ह्यांच्या हाताला कळत नाहीत असं होईल का?

मग आडून आडून प्रश्न. कम्प्युटरवर माझ्यामागे कोण बसतं? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, मला टीव्हीचा रिमोट तुम्हीच लावून देता. हे खरं होतं, रिमोट मी मुद्दाम त्यांच्याकडून लावून घेते, त्यांना बरं वाटतं. पण त्या उत्तराने व्हायचं तेच झालं. घरातल्या तिघांत कम्प्युटर कळणारी उरली एकटी सून. हे तिच्याशी पूर्वी कामापुरतं का होईना हसून बोलायचे, ते तोलूनमापून बोलायला लागले. ऑफिसचं काम घरच्या मशिनवर करतेस का, असं विचारलं. ती नाही म्हणाली, तर तिच्या हाताच्या नखांकडे बघत राहिले. बिचारी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली की आई, मला चोर असल्यासारखं वाटतंय. मी तिला म्हटलं, थोडे दिवस कळ काढ. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही मी तेच म्हटलं.

सुट्टीच्या सकाळी ह्यांनी पंचनामा ठेवला. चेष्टा नाही, खराखुरा. कम्प्युटरवाल्याला बोलावून आणलं. पंच म्हणून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ते चहाला बोलावलंय अशा समजुतीने आले होते. पंच दोन लागतात. दुसरी पंच मी.

कम्प्युटरवाल्याने इथे तिथे टिचक्या मारल्या आणि पडद्यावर निळ्या पट्ट्या आल्या. सी, डी आणि त्यांच्या पलीकडे तिसरी, अक्षर नसलेली. तो म्हणाला, जागा कुठे गेलेली नाही साहेब, ही काय तीनशे जीबी, रिकव्हरी नावाने ठेवलेली. अशा पार्टिशनला सहसा हात लावत नाहीत, फक्त एवढं मोठं कधी बघितलं नाही.

रिकव्हरी म्हटल्यावर ह्यांचे कान टवकारले. दुसरा माणूस त्या नावाला बिचकून मागे सरला असता, सुनेने नाव दिलंच होतं त्यासाठी. पण ह्यांच्या खात्यात रिकव्हरी म्हणजे वसुली. कोणाच्या पगारातून कापायची, कोणाच्या नावावर दंड चढवायचा, असले कागद ह्यांच्या टेबलावरून वर्षानुवर्षं गेलेले. रिकव्हरी आली म्हणजे तिच्या मागे कोणीतरी गुन्हेगार आलाच. आम्ही लपायला नेमकी चौकीच निवडली होती.

"कसली वसुली?" ह्यांनी सुनेकडे वळून विचारलं. "आणि कुणाकडून?"

सून माझ्याकडे बघणार असं मला वाटलं. तिने बघितलं नाही. म्हणाली, "बाबा, ते माझं आहे."

हे म्हणाले, मग उघडून दाखव. ती म्हणाली, नाही दाखवणार. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. कम्प्युटरवाला पडद्याकडे बघत बसला, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. ह्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. म्हणाले की या घरात लपवून ठेवण्यासारखं काही मी आणलं नाही आणि कोणी आणलेलं चालणार नाही. दाखवायचं नसेल तर तो भाग काढून माझ्या डीला जोडून टाका.

कम्प्युटरवाल्याने तिसऱ्या पट्टीवर उजवी टिचकी मारली. डिलीटवर गेला. पडद्यावर चौकट आली, यातलं सगळं कायमचं जाईल, पुढे जायचं का. हे म्हणाले, हो. बाण 'यस'वर जाऊन थांबला. सून उभ्या जागी ओठ चावत होती. माझे दोन वर्षांचे दिवस, माझ्या फिल्म, साबणाच्या बशीतला माझा मुलगा, सगळं एका बोटाखाली आलं होतं. आणि ती पोरगी माझ्यासाठी शिव्या खायला तयार होती.

"हात काढ तिथून," मी म्हटलं. "ते माझं आहे. तिचा काही संबंध नाही."

हे माझ्याकडे वळले. "तुझं?"

"माझं. आणि पंचांसमोर उघडायचंय ना, मग मीच उघडते."

कम्प्युटरवाला खुर्चीतून उठला. मी बसले, चौकट बंद केली, पट्टीवर उजवी टिचकी, अक्षर लावा, ओके. खोलीला दार आलं. माझी बोटं एकदाही चुकली नाहीत. हे पाठीमागे उभे राहून बोटांकडे बघत होते, बाजारात दुकानदाराच्या हातांकडे बघायचे तसे. सगळ्यात नवी फिल्म होती ती मी लावली. अर्धवट होती. शेवट सुचत नव्हता.

पडद्यावर साहेब निघाले. डुलत डुलत काड्यापेट्यांच्या गल्लीत शिरले, साखरेच्या दुकानांपुढे थांबले. एका पारड्यात स्वतः चढले. दुसऱ्यात दोनशे ग्रॅम बसली, तूट. बोटीतून एक किलो आला, तूट. डॉक्टर आधी खोकले, मग त्यांना हसू आवरेना. कम्प्युटरवाल्याने तोंडावर हात धरला. शेवटी सगळी निघून गेली आणि पन्नास ग्रॅमची पितळी एकटी समोरच्या पारड्यात चढली. पारडं जागचं हललं नाही. साहेब खाली, ती वर अधांतरी. ती वाट बघत बसली, बसूनच राहिली, आणि फिल्म तिथे संपली.

हसणं केव्हाच थांबलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. निकाल पाठीमागून येणार होता आणि मी तो ऐकायला मान खाली घालून बसले.

"पाच किलोचं वजन इतकं झपझप चालत नाही," हे म्हणाले. आणि आत निघून गेले.

बस, एवढंच. अर्धा इंच. मला हसावं की रडावं कळेना, आणि मग कळलं की मला राग आलाय. थोड्या वेळाने हे बाहेर आले, तराजू उचलला, वजनांची पेटी उचलली, हातमोज्यांसकट आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. जप्ती. सून म्हणाली, मी बोलू का त्यांच्याशी. मी म्हटलं, एक अक्षर बोलायचं नाही. मलाही राग येतो, आणि माझा राग त्यांच्या रागापेक्षा हलका भरत नाही.

पुढचे दिवस आम्ही एकमेकांना मीठ दे, पेपर दे, एवढंच बोललो. त्यात माझ्या दाढेचं एक दुखणं. डॉक्टर जिन्यात भेटले आणि म्हणाले की हसताना तुमची मागची दाढ बघितली, तपासून घ्या. मी त्या दिवशी हसले नव्हते, पण गेले. दाढ भरली. दुसऱ्या दुपारी पुन्हा बोलावलं, भरलेली घासायला. मग आणखी एकदा, नुसतीच बघायला. प्रत्येक वेळी खुर्चीत आडवं करून तासन् तास आपल्या कॉलेजच्या गमती सांगायचे, आणि माझं तोंड उघडं, मी काय बोलणार. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी रागात होते आणि रागात माणसाला दुसऱ्याचा डाव दिसत नाही.

शेवटी एके दिवशी मी ठरवलं की जाऊ दे. पेटी कपाटात, तराजू कपाटात, फिल्म काही पुढे जायची नाही. मग ती जागा तरी कशाला अडवून ठेवायची. ह्यांची डी भरलीय, घ्या म्हणावं, लागा जोडायला. सून ऑफिसात आणि हे वाचनालयात असताना मी कम्प्युटरसमोर बसले, अक्षर लावलं आणि पुसण्याआधी सवयीने रिकामी जागा बघितली.

कमी होती.

माझ्या खोलीत किती जागा उरलीय हे मला मुलाच्या वाढदिवसासारखं पाठ होतं. तिच्यातली दीड-दोन जीबी गायब. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आता तूट माझी होती. कोणीतरी माझ्या खोलीत शिरलं होतं. सून मला विचारल्याशिवाय शिरायची नाही. दार कसं लावायचं ते तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. आणि मग मला आठवलं, पाठीमागे उभं राहून माझ्या बोटांकडे कोण बघत होतं ते.

एक नवं फोल्डर होतं. नावही बदललेलं नव्हतं, 'न्यू फोल्डर' तसंच. आत फोटो. अंधुक, हललेले, अर्धे तिरके, एका कोपऱ्यात ह्यांच्या चहाचा कप. माझ्याने एवढे वाईट फोटो पहिल्या दिवशीही निघाले नव्हते. डॉक्टर मला दुपारभर खुर्चीत का अडकवून ठेवत होते, तेही आता उलगडलं. सून दाखवायची तसे मी ते एकामागून एक पळवले.

पितळी अजून पारड्यात वर अधांतरी बसलेली, जिथे मी तिला सोडलं होतं तिथेच. समोरच्या पारड्यातून साहेब खाली उतरले, तशी ती खाली टेकली. टेबलावरून चालायला लागले. हळू. इतके हळू की एकेका पावलाला खंडीभर फोटो खर्ची घातलेले, पाच किलोचं वजन चालेल तसंच, जड, थांबत थांबत. तराजूला सगळा वळसा घातला. पितळीसमोर येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग वळले, आले त्या वाटेने परत गेले आणि आपल्या पारड्यात चढून बसले, पितळी पुन्हा वर. मी मनात म्हटलं, झालं, आता चिठ्ठी येईल.

चिठ्ठी आली नाही. पारडं हललं. पितळीचं पारडं केसभर खाली आलं, आणखी केसभर, आणि समोर साहेब वर उचलले जायला लागले. पन्नास ग्रॅमची पोर खाली खाली येत टेबलाला टेकली आणि पाच किलोचे साहेब वर हवेत लटकत राहिले. शेवटचा फोटो तिथेच थांबला होता.

तो मी मोठा करून बघितला. पितळीच्या पारड्याच्या कडेवर, फोटोत येऊ नये म्हणून जमेल तेवढा आत ओढून घेतलेला, एक अंगठा होता. हातमोजा नव्हता. नख पांढरंफटक पडलेलं.

पुसायचं मी विसरूनच गेले. हे वाचनालयातून आले, मला कम्प्युटरसमोर बघून दारातच थबकले आणि मग पेपरात तोंड खुपसून बसले, उलट्या बाजूने धरलेल्या. मी विचारलं, माझ्या जागेतली दोन जीबी कोणी खाल्ली.

"मोजून घे नीट," हे पेपरामागून म्हणाले. "तूट असेल तर सांग."

संध्याकाळी सुनेला दाखवलं. तिने शेवटचा फोटो बघितला आणि पटकन म्हणाली की आई, हा अंगठा आपण कापून टाकू, एका मिनिटाचं काम आहे, कळणारही नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे.